कुलूप नसलेली अक्षरं

मी बायकोचं कौतुक करणारा माणूस नाही. परभणीतल्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेली पोरं आज तहसिलात आणि कोर्टात बसली आहेत. त्यांतल्या एकालाही मी कधी ‘शाब्बास’ म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नसेल. चूक दिसली की माझी जीभ आधी धावते आणि डोकं मागून रमतगमत येतं. तेव्हा मनकर्णाची ही हकिगत खुद्द मी सांगतोय, यावरूनच काय ते समजून घ्या.

इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजी टायपिंग माझ्याकडं आणि मराठी तिच्याकडं. एक्याण्णव साली आम्ही कॉम्प्युटर घेतला आणि त्यात मराठी लिहायचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं. त्या सॉफ्टवेअरचं एक कुलूप होतं. काडेपेटीएवढं, प्लॅस्टिकचं, कॉम्प्युटरच्या पाठीला खुपसलेलं. ते जागेवर असेल तरच मराठी अक्षरं उमटायची. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. दुकानाला कुलूप असतंच की.

आता धुरपताआत्याचं सांगतो. ही माझ्या बापाची धाकटी बहीण. तिचं सासर पालमजवळच्या एका खेड्यात. मनकर्णा दर रविवारी एसटीनं तिथल्या बौद्धवाड्यात साक्षरतेचा वर्ग घ्यायला जायची, आणि साठी उलटलेली आत्या त्या वर्गात सगळ्यांच्या पुढं बसायची. वाचायला येऊ लागल्यावर बायका म्हणाल्या, पुस्तकातल्या कमलच्या नळाचं वाचून कंटाळा आला, आमचं कायतरी लिहा. मग मनकर्णानं ठरवलं की प्रत्येक बाईनं आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची, हिनं ती लिहायची आणि सगळ्यांचं मिळून एक पुस्तक करायचं. एकेकीचं एकेक पान. आत्यानं सांगितलं अठ्ठ्याहत्तर सालचं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्या रागात गावोगावी आमच्या वस्त्या पेटल्या, त्यात तिचंही घर गेलं होतं. मनकर्णानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आठवून आठवून कॉम्प्युटरवर घातलं.

त्याच, म्हणजे त्र्याण्णवच्या पावसाळ्यात आत्याच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कडेकडेनं नजर आत येत चाललीय, वर्षभर टिकली तरी पुष्कळ. मी आत्याला काही बोललो नाही, पण ती काय खुळी होती? घरी आल्यावर मनकर्णाला म्हणाली, “मनकर्णे, डोळे हाएत तवर मपलं मला वाचू दे. दुसऱ्यानं वाचून दावलेलं नगं. मपल्या डोळ्यानं.”

बायकांनी ठरवलं, येत्या जयंतीला, चौदा एप्रिलला, विहारात ज्या-त्या बाईनं आपलं पान वाचायचं.

आणि दिवाळीत कुलूप जळालं. गेलेली वीज परत आली ती एकदम जास्त दाबानं आली, कॉम्प्युटर वाचला, पण पाठीमागचं ते प्लॅस्टिक गेलं. मी औरंगाबादला विक्रेत्याकडं गेलो. तो म्हणाला, कुलूप वेगळं मिळत नाही, सगळं पुन्हा विकत घ्यावं लागेल. मी म्हटलं, “अहो, आत आमचीच पानं आहेत! आमच्याच बायकांनी सांगितलेली, माझ्याच बायकोनं टाइप केलेली!” तो म्हणाला, “असतील. पण सॉफ्टवेअर आमचं आहे ना.” त्यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

परत आल्यावर मी आत्याचं पान मनकर्णाकडून, तिला आठवेल तसं, मराठी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापून काढून घेतलं. आत्यानं कागद डोळ्यांशी नेला, लांब धरला, उन्हात नेला आणि म्हणाली, “मुंग्याच की रं ह्या, बन्शा.” मग मी शहरातल्या एका छापखान्यात गेलो. त्यांच्याकडं मोठ्या अक्षरांचे खिळे होते. मालकानं आत्याचं पान वाचलं आणि हात जोडले. “सध्या वातावरण तापलेलं आहे बन्सीधरराव, आम्हाला यात नका ओढू.”

मी घरी येऊन पुस्तकाचा नाद सोडायला सांगितलं. मनकर्णा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिनं ऐकलंय असं समजणं ही नवऱ्याची चूक असते.

सूर्यभान सर शेतकी कॉलेजात शिकवायचे. जिंतूरकडच्या शेतकरी घरातले, सडसडीत, बोलायला मोकळे. परीक्षेचे पेपर आमच्याकडं टाइप करून न्यायचे. कॉम्प्युटरवर कापड झाकलेलं बघून त्यांनी विचारलं आणि मनकर्णानं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते लाडवाचा असतो तसला स्टीलचा डबा घेऊन आले. आत धूळ लागू नये म्हणून फ्लॉप्या रचलेल्या.

“वहिनी, हे सगळंच्या सगळं नवं हाय,” ते म्हणाले. “नुसतं मराठीपुरतं न्हाई, कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ते मुळापासून. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, ग्नू आणि लिनक्स म्हणतात. ह्याला कुलूप न्हाई. वापरा, उघडून बघा, पटलं न्हाई तर बदला, दुसऱ्याला द्या. कुणी इचारणार न्हाई.”

दानात आलेल्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, पण मी मोजणारा माणूस आहे. “आन ह्यात कुणाचा काय फायदा?” मी विचारलं.

“आमच्याकडं ज्वारीचं चांगलं बी असलं की शेजारी मागून नेतो. त्यात कुणाचा फायदा असतो?” सर म्हणाले.

मला ते पटलं नाही. मनकर्णाला पटलं.

एकामागून एक फ्लॉप्या घालत त्यांनी कॉम्प्युटर पुसून नवा केला. जुनं सगळं गेलं, कुलपाआड अडकलेल्या पानांसकट. मी म्हटलं, “झालं. होतं ते बी गेलं.” पडदा काळाकुट्ट, वर पांढऱ्या अक्षरात एकच प्रश्न: कोण तुम्ही? मनकर्णानं नाव घातलं. मग परवलीचा शब्द मागितला. ती टाइप करतेय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. तिनं कीबोर्ड उलटा करून झटकला, फडक्यानं पुसला, पुन्हा दाबून बघितला. आम्ही दोघांनी मिळून कीबोर्ड बिघडल्याचं जाहीर केलं आणि मी कोपऱ्यावरच्या बूथवरून सरांना फोन लावला. सर फोनवर हसतच होते. तो शब्द कुणाला दिसू नये म्हणूनच उमटत नाही म्हणे.

हे पहिलं. मग लिहायचं जे साधन होतं त्यात शिरायला दार होतं, बाहेर पडायला नव्हतं. पहिल्या दिवशी ती त्यात अडकली ती मराठीची बॅच येऊन गेली तरी अडकलेलीच. मी म्हटलं, “बटण बंद कर आन ऊठ.” तेही चालत नव्हतं. हा कॉम्प्युटर असा तडकाफडकी बंद केला की दुसऱ्या दिवशी उठल्यावर तासभर स्वतःची झडती घेत बसायचा. त्याला आधी सांगायचं, बाबा रे, मी आता तुला बंद करतेय. मला मेल्याला आजवर कुणी एवढ्या मानानं वागवलं नाही. आणि परभणीची वीज काय कुणाला सांगून जाते?

पण ही बाई हटली नाही. त्या कॉम्प्युटरच्या पोटातच त्याचं सगळं वर्णन लिहिलेलं होतं, इंग्रजीत. ती मॅट्रिक झालेली, तेही मराठीतून. शेजारी शब्दकोश उघडा ठेवून ती एकेक ओळ वाचायची, भाजी फोडणीला टाकून यायची आणि पुढची ओळ वाचायची. मी टोमणे मारायचो. “काय, गॅसवर काय ठेवलंय ते बी त्यालाच इचार.” ती म्हणायची, “तुमी तुमच्या पोरांच्या चुका काढा.” महिन्याभरात तिला फायली ठेवता येऊ लागल्या, शोधता येऊ लागल्या, आणि एक दिवस तिनं एकाच ओळीत अशी काही आज्ञा दिली की बायकांच्या नावांची यादी आपोआप अकारविल्हे लागली. मी बघत उभा होतो. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी ‘चहा टाक’ म्हणालो.

मराठी अक्षरांच्या तीन फ्लॉप्या मात्र अजून डब्यातच होत्या. ते प्रकरण अवघड आहे, मी येऊन बसवून देतो, असं सर म्हणाले होते.

चौदा जानेवारीला नामविस्ताराचं जाहीर झालं. पुरतं नामांतर नाही, नावाचा विस्तार, पण सोळा वर्षांनी नाव लागलं. त्यासाठी किती घरं गेली, किती माणसं गेली. आमच्या गल्लीत त्या दिवशी लोक रडतही होते आणि एकमेकांच्या तोंडात पेढेही कोंबत होते. मीही रडलो, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभान सर आले. मनापासून माझे हात धरले, पेढा खाल्ला आणि म्हणाले, “वहिनी, डबा न्यायला आलोय. नांदेडच्या एकाला प्रत करून द्यायचीय. सोमवारी परत आणून मराठीचं बसवून टाकू.”

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. शेजारणीनं वाटीत कालवण पाठवलं तर ती वाटी कुणी रिकामी परत करत नाही. साखर घालतील, मूठभर डाळ घालतील, काही नसलं तर कढीपत्त्याची दोन पानं, पण रिकामं भांडं परत जाणं म्हणजे अपशकुन आणि वर अपमान. डबा तर स्टीलचा, लाडवाचा. आणि दिवस तो. मनकर्णानं आत जाऊन फ्लॉप्यांच्या वर कागद घातला, कागदावर डबाभर पेढे रचले, झाकण घट्ट लावलं आणि हसत आणून दिला. सरांना काही सांगितलं नाही. उघडल्यावर कळेलच, त्यात काय सांगायचं?

सरांनी डबा स्कूटरच्या डिकीत टाकला. घरी गेल्यावर निरोप आला की गावाकडं चुलते वारले. डबा खिडकीत ठेवून ते जिंतूरकडं गेले आणि दिवस-कार्य उरकून परतले, तोवर खोलीभर मुंग्यांची रांग लागली होती. पेढ्यांचं तूप कागदातून खाली उतरलेलं, आणि फ्लॉप्यांच्या पत्र्याच्या झडपेतून मुंग्या ये-जा करतायत. पुसूनबिसून बऱ्याचशा चालल्या. मराठी अक्षरांच्या तिन्ही सगळ्यात वर होत्या. त्या गेल्या.

सर ते सांगायला आले तेव्हा मनकर्णा खाली बसली. कधी नव्हे ते मी तिला रडताना बघितलं. “लोकाची चीज मी नासवली,” ती म्हणत होती, “आन आत्याच्या डोळ्यात आता किती उजेड राहिलाय?”

माझ्या जिभेवर नको ते आलंच होतं. हात दाखवून अवलक्षण, असं मी म्हणणारच होतो. तेवढ्यात सर खदखदून हसायला लागले.

“वहिनी, पेढे लय चांगले होते म्हणायचे, मुंग्यांनी एक बी सोडला न्हाई! अहो, हे काय एका डब्यात मावणारं हाय का? दिवाळीत मी हेच जिंतूरला मुंजाजी गुरुजींना दिलंय. त्यांच्याकडनं आणा.”

“त्यांच्याकडनं आणायचं? तुमचं तुमी त्यांना दिलेलं, ते आमी कसं मागायचं?”

“दिलंय म्हणूनच तर उरलंय,” सर म्हणाले.

मी त्या वाक्यावर जिंतूरच्या एसटीत अख्खा रस्ता विचार करत होतो. माझ्या त्या औरंगाबादच्या विक्रेत्यानं एक कुलूप एकालाच दिलं होतं, आणि ते जळाल्यावर जगात आमच्यासाठी काही उरलं नव्हतं.

मुंजाजी गुरुजी हे जिंतूरच्या एका शाळेत शिकवणारे, पान खाणारे, गप्पिष्ट. शाळेला कुठल्याशा योजनेतून मिळालेला कॉम्प्युटर हेडमास्तरांनी रुमाल टाकून ठेवला होता, तो यांनी चालता केलेला. आम्ही कशाला आलोय हे ऐकून त्यांनी पेढ्यांची गोष्ट तीनदा सांगायला लावली. मग कोऱ्या फ्लॉप्या घालून प्रत करायला लागले आणि म्हणाले, “वैनी, सूर्यभान सरांनी दिलेलं हाय तसं देऊ, का मी केलेलं बी देऊ?”

“तुमी काय केलंय?” मनकर्णानं विचारलं.

त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतभर तक्ते लागले होते. वीतभर उंचीची काळीभोर मराठी अक्षरं, जाड, ठसठशीत, वर्गाच्या पार मागच्या बाकावरून वाचता येतील अशी. पहिलीच्या लेकरांसाठी केलेली. मूळ अक्षरं बारीक अंगाची होती. ती कशी काढली जातात याचं गणित आत उघडंच लिहिलेलं होतं, ते गुरुजींनी सुट्टीत बसून समजून घेतलं आणि अक्षरांना अंग भरलं.

मनकर्णा त्या भिंतीजवळ गेली आणि एका अक्षरावर तिनं हात ठेवला. “असं आत हात घातलेला त्यांना चालतो?”

“चालतो म्हंजी काय? परवानगी संगंच आलेली हाय. फकस्त एक, म्या जे केलंय ते बी तुमी असंच पुढं द्यायचं. दाबून ठेवायचं न्हाई.”

“आत्याला दिसंल हे,” ती माझ्याकडं वळून म्हणाली. “अहो, आत्याला हे दिसंल!”

मला माणसांचा राग पटकन येतो आणि विश्वास उशिरा बसतो. पण त्या वर्गात मला एकदम भरून आलं. कुठले कोण लोक, समुद्रापलीकडचे, त्यांनी काही करून ठेवलं. ते सूर्यभान सरांपर्यंत आलं, त्यांच्याकडून या पान खाणाऱ्या मास्तरापर्यंत. त्यानं आपल्या लेकरांसाठी अक्षरं जाड केली, आणि ती आता पालमजवळच्या एका म्हातारीच्या डोळ्यांना पुरणार होती. पहिल्याला शेवटचा ठाऊक नव्हता आणि कुणी कुणाला अडवलं नव्हतं. एवढं मोठं मन माणसांचं असू शकतं हे मला पन्नाशीला आल्यावर कॉम्प्युटरकडून कळावं!

परत आल्यावर मनकर्णानं सगळी पानं पहिल्यापासून आठवून आठवून पुन्हा लिहिली. त्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांतून टाइप करायचे, मग मशीन त्यांची देवनागरी करायचं, आणि कसं दिसतंय ते कागद बाहेर आल्यावरच कळायचं. वीस वर्षं मराठी कीबोर्डवर धावलेली तिची बोटं बंड करून उठायची. ती चिडायची, मशीनला शिव्या घालायची, आणि पुन्हा बसायची. प्रिंटर एकेक ओळ किरकिरत काढायचा. जयंतीच्या आठवडाभर आधी पुस्तक झालं. कोपऱ्यात दोरा घालून मी स्वतः शिवलं. माझ्याकडून तेवढंच.

चौदा एप्रिलला विहार भरून गेलं होतं. निळे झेंडे, पोरांचा कलकलाट, बाहेर भोजनदानाची तयारी. बायका एकेक करून उठल्या आणि आपलं पान वाचून बसल्या. बऱ्याच जणींच्या पानात तोच अठ्ठ्याहत्तरचा दिवस होता, तेच घर सोडून पळणं होतं. मग धुरपताआत्या उठली. तिनं पान नाकापाशी धरलं, पण डोळे बारीक केले नाहीत. बोट अक्षराखाली ठेवलं आणि मोठ्या आवाजात वाचू लागली. “माझं नाव धुरपता. त्या दिवशी आमच्या घराला आग लावली.” मनकर्णाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आत्या वाचत होती. “मी सासूला घेऊन गाव सोडून पळाले.”

तिथं आत्या थांबली. बोट मागं नेलं आणि तेच पुन्हा वाचलं, यावेळी मनातल्या मनात.

“हे कुनी लिव्हलं?”

“मीच, आत्या,” मनकर्णा म्हणाली. “तुमी सांगितलं तसंच.”

“म्या असं न्हाई सांगितलं. म्या पळाले न्हाई. सासूला पाठुंगळी घेतलं, आन त्यांच्या म्होरून, सगळ्यायच्या डोळ्यादेखत, वढ्यापस्तोर चालत गेले. पाय भाजले हुते, तरी चालत गेले. पळाले असते तर त्यायला बरं वाटलं असतं.”

माझी जीभ सवयीनं पुढं झाली. “आत्या, आता छापून झालंय. पुस्तकात आलं ते आलं.”

आत्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं मनकर्णाला विचारलं, “बदलता येतंय का?”

मनकर्णानं पदरानं डोळे पुसले. “येतंय,” ती म्हणाली. “आजच येतंय.”

जेवणं झाल्यावर दुपारच्या एसटीनं आम्ही तिघं परभणीला आलो. आत्या मनकर्णाच्या खांद्यामागं उभी राहिली आणि सांगत गेली. मनकर्णा एक शब्दही आपल्या पदरचा न घालता लिहीत गेली. मी कागद लावला. प्रिंटरमधून पान सरकत बाहेर आलं तसं आत्यानं ते पुरतं निघायच्या आधीच धरलं आणि उभ्यानंच वाचलं. सगळ्यायच्या डोळ्यादेखत चालत गेले. ती ओळ तिनं पुन्हा वाचली, आणि आणखी एकदा, मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं.

मी मनकर्णाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “शाब्बास.” ती दचकून बघायला लागली.

आत्याचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. पुस्तकाची बाकीची पानं उलटून ती बायकांची नावं बोटानं शोधत होती.

“मनकर्णे, ह्या समद्यायच्या घरी जा आन त्यायचं त्यायला इचार,” ती म्हणाली. “त्या दिशी पळालं कुनीच न्हवतं.”